वाचकांचे प्रश्न : जीपीएसने दाखवलेली उंची कितपत खरी?

पावसाळा सरला की डोंगरवाटांवरची वर्दळ वाढते आणि आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत उंचीविषयीच्या शंकाही वाढतात. या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : हातातल्या जीपीएस यंत्राने, घड्याळाने किंवा फोनने दाखवलेल्या उंचीवर किती विसंबावे? सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : कळसूबाईच्या माथ्यावर आमच्या गटातल्या तीन यंत्रांनी तीन निरनिराळ्या उंची दाखवल्या. तिन्ही यंत्रांनी नकाशावर दाखवलेली जागा मात्र बरोबर होती. जे यंत्र जागा इतकी नेमकी सांगते ते उंचीच्या बाबतीत का चुकते? – एक वाचक, नाशिक

उत्तर : कळसूबाईची नकाशावरची उंची १६४६ मीटर आहे. एखाद्या साध्या यंत्राने तिथे १६३५ किंवा १६६० दाखवले, तर त्यात यंत्र बिघडल्याचे काही लक्षण नाही. उंचीतली चूक जागेतल्या चुकीपेक्षा मोठी असणे हे या मोजणीच्या रचनेतच आहे, आणि ते समजून घेण्यासाठी यंत्र नेमके काय मोजते ते पाहावे लागेल.

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा संदेश यंत्रापर्यंत पोहोचायला किती वेळ लागला यावरून यंत्र प्रत्येक उपग्रहाचे अंतर काढते. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने येत असल्यामुळे सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूकही अंतरात तीस सेंटिमीटरांचा फरक पाडते. उपग्रहांवर अणुघड्याळे असतात. आपल्या यंत्रातले घड्याळ मात्र साधे असते आणि त्याची चूक किती आहे हे आधी ठाऊक नसते. म्हणून अक्षांश, रेखांश आणि उंची यांच्या जोडीला घड्याळाची चूक हीदेखील यंत्राला शोधून काढावी लागते, आणि या चार अज्ञातांसाठी किमान चार उपग्रह लागतात.

खरी अडचण यापुढे आहे. आडव्या दिशेत उपग्रह आपल्या चहूबाजूंना असतात, त्यामुळे पूर्वेकडच्या अंतरातली चूक पश्चिमेकडचा उपग्रह बरीचशी सावरून घेतो. उंचीच्या बाबतीत ही सोय नाही, कारण सगळे दिसणारे उपग्रह आपल्या डोक्यावर असतात आणि पायांखालचे उपग्रह पृथ्वीनेच झाकलेले असतात. शिवाय यंत्रातले घड्याळ थोडे मागे-पुढे झाले की सगळी अंतरे एकदम वाढतात किंवा घटतात, आणि यंत्र थोडे खाली किंवा वर गेले तरी जवळजवळ तसेच घडते. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करणे गणिताला अवघड जाते, आणि जी काही शंका उरते ती उंचीच्या आकड्यात जाऊन बसते. त्यामुळे उभी चूक आडव्या चुकीच्या दीडपट ते दुप्पट, आणि उपग्रहांची मांडणी वाईट असेल तर त्याहूनही अधिक, असते.

जीपीएस चालवणाऱ्या अमेरिकी शासनाच्या २०२० मधील सेवामानकात जागतिक सरासरीने ९५ टक्के वेळा आडवी चूक ८ मीटरांच्या आणि उभी चूक १३ मीटरांच्या आत राहील असे म्हटले आहे. हे आकडे उपग्रहांच्या बाजूच्या चुकांचे आहेत. वातावरणातला विलंब, कड्यांवरून परावर्तित होऊन येणारे संदेश आणि यंत्राचा स्वतःचा दोष त्यांवर अधिक पडतो. मोकळ्या माथ्यावर, चांगल्या यंत्राने, थोडा वेळ थांबून घेतलेली उंची दहा-वीस मीटरांच्या आत खरी मानावी, असे माझे मत आहे. यंत्राच्या पडद्यावर ‘± ३ मीटर’ असे लिहिलेले दिसते ते बहुधा आडव्या चुकीविषयी असते आणि तेही हमी म्हणून नसते. अँड्रॉइड फोनवरचा असा आकडा ६८ टक्के शक्यतेचा असतो. म्हणजे तीनांतून एकदा खरी जागा त्या वर्तुळाबाहेर असू शकते.

आपल्या प्रदेशासाठी एक गोष्ट आणखी सांगायला हवी. वातावरणाच्या वरच्या थरातला विद्युतभारित वायू संदेशाला उशीर करतो, आणि या वायूची दाटी भूचुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत सर्वाधिक असते. उत्तरेकडचा पट्टा गुजरात आणि मध्य भारतावरून जातो. दुपारच्या वेळी, विशेषतः सूर्यावरील डागांची संख्या वाढलेल्या वर्षांत, इथली चूक युरोपातल्या गिर्यारोहकाला येते त्यापेक्षा मोठी असते. दोन वारंवारतांवर संदेश घेणारी नवी यंत्रे हा विलंब स्वतः मोजून वजा करू शकतात. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी विमानांसाठी उभारलेली ‘गगन’ ही प्रणालीही याच विलंबाच्या दुरुस्त्या प्रसारित करते. यंत्रात तशी सोय असेल तर ती चालू ठेवावी.

प्रश्न : गिरगाव चौपाटीच्या वाळूत उभी असताना फोनमधल्या एका ॲपने उंची उणे साठ मीटरांच्या आसपास दाखवली. माझ्या बहिणीच्या दुसऱ्या कंपनीच्या फोनवर ती शून्याजवळ होती. माझा फोन बिघडला आहे का? – एक वाचक, मुंबई

उत्तर : आपला फोन ठीक आहे. किंबहुना आपण एक फार मोलाची गोष्ट पाहिली आहे, आणि ती प्रत्येक डोंगरभटक्याला ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते, कारण महाराष्ट्रात उंचीविषयी होणारे निम्मे वाद तिच्यामुळेच होतात.

उंची म्हटली की ती कुठून तरी मोजायला हवी. जीपीएसचे गणित पृथ्वीला एक गुळगुळीत, किंचित चपटा लंबगोल मानते आणि उंची त्या कल्पित पृष्ठभागापासून काढते. नकाशावरची उंची मात्र समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजलेली असते. आपल्याकडे भारतीय सर्वेक्षण विभागाने १९०९ मध्ये नऊ बंदरांतल्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून ही पातळी ठरवली, आणि त्या नऊंत मुंबई होती. समुद्राची पातळी जमिनीखालून पुढे कल्पिली की जो पृष्ठभाग तयार होतो त्याला जिऑइड म्हणतात. पृथ्वीच्या पोटातले वस्तुमान सगळीकडे सारखे नसल्यामुळे जिऑइड काही ठिकाणी लंबगोलाच्या वर येतो तर काही ठिकाणी खाली जातो. जगातली त्याची सर्वांत खोल जागा आपल्या जवळच, श्रीलंकेच्या दक्षिणेकडच्या हिंदी महासागरात आहे. तिथे तो लंबगोलापेक्षा शंभर मीटरांहून अधिक खाली आहे. त्या खोलगटाची कड सबंध भारतीय द्वीपकल्पावर पसरलेली आहे. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात हा फरक साठ ते सत्तर मीटरांच्या दरम्यान आहे आणि दक्षिणेकडे जाऊ तसा तो वाढत जातो.

म्हणजे चौपाटीवर आपण समुद्रपातळीवरच होता, पण लंबगोलाच्या साठेक मीटर खाली होता. अँड्रॉइड प्रणाली ॲपला जी मूळ उंची देते ती लंबगोलापासूनची असते; समुद्रसपाटीपासूनची उंची वेगळी देण्याची सोय तिच्या चौदाव्या आवृत्तीत आली. ॲप लिहिणाऱ्याने जिऑइडची दुरुस्ती केली असेल तर पडद्यावर शून्य दिसते, केली नसेल तर उणे साठ. आयफोन मुळातच समुद्रसपाटीपासूनची उंची देतो. गिर्यारोहणासाठीच्या स्वतंत्र यंत्रांत जिऑइडची कोष्टके भरलेली असतात. ती ढोबळ असली तरी त्यांतून राहणारी चूक काही मीटरांचीच असते.

आपले ॲप कुठल्या प्रकारचे आहे हे ओळखण्याची रीत सोपी आहे. समुद्रकिनाऱ्यावर नाही जाता आले तर रेल्वे स्थानकावर जावे. स्थानकाच्या नावाच्या पिवळ्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. मोकळ्या आकाशाखाली पाच मिनिटे थांबून वाचन घ्यावे. फरक दहा-पंधरा मीटरांचा आला तर ती नेहमीची चूक, आणि साठ-सत्तर मीटर कमी आले तर ॲप दुरुस्ती करत नाही असे समजावे. अशा ॲपमध्ये कळसूबाई १५८० मीटरांच्या आसपास दिसेल, आणि तिथून पुढे ‘नकाशातली उंची चुकीची आहे’ असा निष्कर्ष निघायला वेळ लागत नाही. हा निष्कर्ष कृपया कोणी काढू नये.

प्रश्न : माझ्या घड्याळात जीपीएससोबत वायुभारमापकही आहे. घाटमाथ्यावर मुक्काम असताना घड्याळ तंबूत एकाच जागी ठेवले होते, तरी सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत त्याने उंची पंचवीस-तीस मीटरांनी वाढलेली दाखवली. मग वायुभारमापकाचा उपयोग काय? – एक वाचक, सातारा

उत्तर : उपयोग पुष्कळ आहे, फक्त त्याची चूक जीपीएसच्या चुकीपेक्षा वेगळ्या स्वभावाची आहे. जीपीएसची उंची क्षणाक्षणाला थोडी वर-खाली नाचते, पण दिवसभरात भरकटत नाही. वायुभारमापक एका मीटरचा चढही टिपतो, पण तासागणिक हळूहळू सरकत जातो.

हवेचा दाब समुद्रसपाटीजवळ दर साडेआठ मीटरांच्या चढाला सुमारे एक हेक्टोपास्कलने कमी होतो. दीड हजार मीटरांवर त्यासाठी साडेनऊ-दहा मीटर चढावे लागतात. यंत्र दाब मोजते आणि त्याचे उंचीत रूपांतर करते. दाब हवामानामुळे बदलला की आपण चढलो की हवा बदलली, हे त्याला कळत नाही. उष्ण कटिबंधात हवेच्या दाबालाही दिवसातून दोनदा भरती-ओहोटी येते : सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो सर्वाधिक असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. हा फरक तीन-चार हेक्टोपास्कलांचा असतो, म्हणजे सुमारे तीस मीटरांचा. आपल्या घड्याळाने तंबूत बसून नेमकी हीच लय टिपली. मुक्कामात हवा बिघडते आहे का हे पाहायचे असेल तर आदल्या दिवशीच्या त्याच तासाशी तुलना करावी. दुपारचा दाब सकाळपेक्षा कमी आला म्हणून वादळ येणार असे मानू नये, पण त्याच तासाचा दाब आदल्या दिवसापेक्षा पाच-सहा हेक्टोपास्कलांनी उतरला असेल तर ते गांभीर्याने घ्यावे.

ऋतूंचाही फरक असतो. जुलैत महाराष्ट्रावर हवेचा दाब जानेवारीपेक्षा साधारण दहा हेक्टोपास्कलांनी कमी असतो, त्यामुळे हिवाळ्यात जुळवून ठेवलेले आणि नंतर न जुळवलेले यंत्र पावसाळ्यात ऐंशी-नव्वद मीटर जास्त दाखवू शकते.

तिसरी चूक तापमानाची, आणि कोकणातून घाटवाटेने वर येणाऱ्यांनी ती विशेष लक्षात ठेवावी. यंत्रातले कोष्टक समुद्रसपाटीवर १५ अंश सेल्सिअस आणि दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी थंड होणारी हवा गृहीत धरते. एप्रिलच्या दुपारी पायथ्याच्या गावात पारा पस्तीशीच्या वर असतो. गरम हवा विरळ असते, तीत चढताना दाब हळू कमी होतो, आणि यंत्र प्रत्यक्ष चढापेक्षा कमी चढ दाखवते. गृहीत तापमानापेक्षा दर दहा अंशांच्या वाढीमागे ही तूट साधारण साडेतीन टक्के असते. नऊशे मीटरांच्या चढाईत वीस अंशांच्या फरकाने साठेक मीटर सहज गायब होतात.

उंचीसाठी वातावरणावर विसंबण्याची ही पद्धत आजची नाही. १८६६ मध्ये ल्हासाला पोहोचलेले पंडित नैनसिंह रावत यांनी उकळत्या पाण्याचे तापमान मोजून त्या शहराची उंची काढली होती. दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळते, एवढ्याच तत्त्वावर.

म्हणून निघताना पायथ्याशी ज्ञात उंची यंत्रात भरावी आणि वाटेत नकाशावर उंची दिलेली खिंड, देऊळ किंवा माथा लागला की पुन्हा जुळवून घ्यावे. असे दर दोन-तीन तासांनी केले तर वायुभारमापक जीपीएसला सहज मागे टाकतो. बहुतेक यंत्रांत जीपीएसच्या मदतीने आपोआप जुळवून घेण्याची सोय असते. मोकळ्या पठारावर आणि सोंडेवर ती चालू ठेवायला हरकत नाही, पण घळीत उतरण्यापूर्वी ती बंद करावी, नाहीतर जीपीएसची मोठी चूक चांगल्या वायुभारमापकात शिरते. दाट धुक्यात सोंड सोडून नाळेत कुठे वळायचे हे शोधताना चांगला जुळवलेला वायुभारमापक आणि समोच्च रेषांचा नकाशा यांच्याइतकी भरवशाची जोडी दुसरी नाही. यंत्रावरचे बारीक छिद्र चिखलाने किंवा पाण्याने बुजलेले नाही एवढे मात्र अधूनमधून पाहावे.

प्रश्न : कात्रज ते सिंहगड ही वाट आम्ही सगळे बरोबरच चाललो, तरी एकूण चढाईच्या आकड्यात एकमेकांत शेकडो मीटरांचा फरक आला. खरा आकडा कोणाचा? – एक वाचक, पुणे

उत्तर : एकूण चढाई ही एक मोजणी नसून हजारो लहान मोजण्यांची बेरीज आहे, आणि बेरजेत चुकाही बेरजेनेच येतात. माथ्यावर बसून डबा खाताना जीपीएसची उंची दोन-तीन मीटरांनी वर-खाली होत राहिली, तर प्रत्येक ‘वर’ चढाईत जमा होतो. हे टाळण्यासाठी प्रत्येक ॲप आपापल्या परीने लहान चढ गाळते. कोणी तीन मीटरांखालचा चढ धरत नाही, कोणी दहा मीटरांखालचा, तर कोणी आलेख आधी गुळगुळीत करून घेते. कात्रज-सिंहगड वाटेवर टेकड्यांमागून टेकड्या असल्यामुळे या गाळणीचा परिणाम फार मोठा होतो. कळसूबाईसारख्या सरळ चढात तो तितका जाणवत नाही.

काही संकेतस्थळे यंत्राची उंची बाजूला ठेवून अवकाशातून केलेल्या मोजणीवरून तयार केलेल्या भूपृष्ठाच्या प्रतिमानातली उंची वापरतात. अशांपैकी सर्वाधिक वापरले जाणारे प्रतिमान फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अंतराळयानातून रडारने केलेल्या मोजणीवर आधारलेले आहे. त्यात साधारण तीस मीटरांच्या चौकटीला एकच उंची मिळते. पठारावर ते उत्तम चालते, पण सह्याद्रीच्या कड्यांवर त्याची पंचाईत होते. लिंगाण्यासारखा सुळका चौकटीच्या सरासरीत बुटका होतो, आणि कड्याच्या धारेवरून चालताना जागेत दहा मीटरांची चूक झाली की आलेखावर आपण दरीत पडून परत वर आलेले दिसतो. तो सगळा चढ बेरजेत येतो.

गटात तुलना करायची असेल तर सर्वांच्या नोंदी एकाच ॲपमध्ये घालून पाहाव्यात. वायुभारमापक असलेल्या यंत्राची नोंद अधिक विश्वासार्ह मानावी.

प्रश्न : सांदण दरीत फोनने दाखवलेली उंची आणि जागा दोन्ही भलतीच होती. अधिक उपग्रह पकडणारा महागडा फोन घ्यावा का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : त्या जागेसाठी घेऊ नये. दोन्ही बाजूंनी कातळ उभे असताना आकाशाची एक पट्टीच उरते; त्या पट्टीतले उपग्रह एका रांगेत येतात आणि बाकीचे संदेश भिंतींवर आपटून लांबच्या वाटेने येतात. उपग्रह अमेरिकी असोत, युरोपीय असोत की आपल्या ‘नाविक’चे, कातळ सर्वांनाच अडवतो. दोन वारंवारतांचा फोन परावर्तित संदेश थोडे चांगले ओळखतो, पण तिथला आकडा नोंदवण्याजोगा होत नाही.

प्रश्न : आमच्या भागातल्या एका डोंगराची उंची नकाशात दिलेली नाही. तो शेजारच्या किल्ल्यापेक्षा उंच आहे असे आम्हाला वाटते. हातातल्या यंत्रांनी हे सिद्ध करता येईल का? – एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : फरक किती आहे त्यावर ते अवलंबून आहे. कळसूबाई आणि १५६७ मीटरांचा साल्हेर यांच्यातला एकोणऐंशी मीटरांचा फरक साधे यंत्रही एका फेरीत सांगेल. फरक पाच-सात मीटरांचा असेल तर जीपीएसच्या एका वाचनावरून काहीही जाहीर करू नये. नेपाळने २०१९ मध्ये एव्हरेस्टच्या शिखरावर सर्वेक्षणाचा जीपीएस रिसीव्हर नेला, बर्फाची जाडी रडारने मोजली, खाली गुरुत्वाकर्षणाची मोजणी करून जिऑइड पक्का केला, आणि मगच ८ डिसेंबर २०२० रोजी चीनसोबत ८८४८.८६ मीटर हा आकडा जाहीर झाला. इतकी तयारी आपल्याला शक्य नाही, पण तिच्यामागची काळजी घेणे शक्य आहे.

दोन्ही माथ्यांवर यंत्र उघड्यावर, कातळापासून दूर, दगडांच्या लहान ढिगावर ठेवून किमान अर्धा तास वाचने नोंदवावीत आणि सरासरी घ्यावी. हेच दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी करावे. वेगळी वेळ मुद्दाम सांगतो आहे, कारण जीपीएसचे उपग्रह दररोज चार मिनिटे आधी जवळजवळ त्याच मांडणीत परत येतात. त्याच तासाला पुन्हा मोजल्यास कालच्या चुकांपैकी बऱ्याच चुका तशाच परत मिळतात.

त्याहून चांगला मार्ग वायुभारमापकांच्या जोडीचा आहे. एकाच प्रकारची दोन यंत्रे घ्यावीत, आदल्या रात्री शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक टिपून घ्यावा, मग एकेका माथ्यावर एकेक सहकारी पाठवून ठरलेल्या वेळी दर दहा मिनिटांनी दाब नोंदवावा. हवामानाचा बदल दोन्ही यंत्रांवर सारखाच होत असल्यामुळे वजाबाकीत तो निघून जातो. माथे एकमेकांपासून फार लांब नसावेत, वारा जोराचा नसावा, आणि दोन्हीकडचे सावलीतले तापमान लिहून घ्यावे. दोन्ही माथ्यांच्या उंचीत मुळात फरक थोडा असल्यामुळे तापमानाची टक्क्यांतली चूक इथे नगण्य राहते. पुढच्या वेळी यंत्रांची अदलाबदल करून तीच मोजणी पुन्हा करावी. दोन्ही वेळा तोच डोंगर उंच ठरला तर आपले म्हणणे यंत्रांची नावे, तारीख, वेळ आणि सगळ्या वाचनांसह आमच्याकडे पाठवावे. आम्ही ते छापू.